तिसरं मत आधी, तिसरं मशीन नंतर : बेताच्या पैशांत क्लस्टर शिकताना

क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा मशीनांचा गट, आपल्याला येतो की नाही हे तपासायची एक साधी पद्धत आहे. चालू मशीनची वायर ओढण्याआधी पुढच्या मिनिटभरात काय काय घडेल ते वहीत लिहायचं आणि मग वायर ओढायची. लिहिलेलं आणि घडलेलं जुळलं तर तेवढा भाग आला. नाही जुळलं तर अभ्यास नेमका तिथून सुरू होतो. या पद्धतीला महाग सर्व्हर लागत नाहीत. खरं तर महाग सर्व्हरची वायर ओढायला हात धजावत नाही, आणि शिकणं स्क्रीनवरच्या हिरव्या ओळी बघण्यापुरतं उरतं.

नाशिकमध्ये या विषयाकडे वळणारे साधारण दोन गटांतले असतात. एक, इंजिनीअरिंग किंवा एमसीए करणारी मुलं. दुसरे, सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात सगळं आयटी एकट्याने सांभाळणारे. पैसे दोघांकडेही बेताचेच, म्हणून इथे खर्चाचा क्रम महत्त्वाचा आहे. माझं ठाम मत असं की पहिला पैसा रॅमवर जावा, दुसरा तिसऱ्या मतावर, आणि नव्या मशीनवर सगळ्यांत शेवटी. तिसरं मत म्हणजे काय ते पुढे येतंच. कमांडची आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांतच करायची.

आधी एक गोंधळ दूर करू. क्लस्टर हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिलं काम म्हणजे एकच मोठं गणित अनेक मशीनांत वाटून लवकर सोडवणं. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डॉनल्ड बेकर यांनी ४८६ डीएक्स४ चे सोळा प्रोसेसर इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ उभा केला, तो या जातीचा. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० तयार केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र राबवूनच. दुसरं काम म्हणजे एक मशीन मेलं तरी सेवा चालू ठेवणं. दवाखाना, पतसंस्था, कारखान्यातलं ईआरपी यांना हा दुसरा प्रकार लागतो आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. पहिल्या प्रकाराकडे जाणाऱ्यांनी कामं वाटून देणारं स्लर्म आणि प्रोसेसरांमध्ये निरोप नेणारं ओपन एमपीआय घ्यावं. त्यात मंज नावाच्या ओळख पटवणाऱ्या सेवेची किल्ली सगळ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर, तंतोतंत तीच हवी, वापरकर्त्यांचे क्रमांक (यूआयडी) सारखे हवेत आणि घड्याळं जुळलेली हवीत. मंजचं ओळखपत्र मुळात ५ मिनिटंच चालतं. घड्याळात त्याहून जास्त फरक पडला की जॉब दारातूनच परत जातो.

एका कॉम्प्युटरमध्ये तीन मशीनं

सुरुवात घरातल्याच कॉम्प्युटरवर करा. १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं हवं. ८ जीबीवरही तीन नोड उभे राहतात, पण ब्राउझर उघडला की सगळं अडखळतं, आणि अडखळलेला नोड बाकीच्यांना मेल्यासारखाच दिसतो. मग सेटिंगमध्ये चूक शोधण्यात संध्याकाळ जाते आणि चूक असते रॅमची. रॅमवर आधी खर्च करायचा तो यासाठी.

एका कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअरची मशीनं चालवायला विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स घ्या, लिनक्स असेल तर केव्हीएम. शक्य असेल तर केव्हीएमच घ्या, कारण पुढे फेन्सिंग, म्हणजे बोलणं तुटलेल्या नोडची वीज तोडणं, शिकताना ते सोपं जातं. तीन व्हर्च्युअल मशीनं करा : प्रत्येकी १ कोर, दीड ते दोन जीबी रॅम, २० जीबीची वाढती डिस्क, आणि डेस्कटॉपशिवाय डेबियन १२ हे लिनक्स. प्रत्येकाला दोन नेटवर्क कार्डं द्या, एक नॅटचं इंटरनेटसाठी आणि एक होस्ट-ओन्ली क्लस्टरसाठी. व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली नेटवर्क मुळात १९२.१६८.५६ ने सुरू होतं आणि त्याचा डीएचसीपी १०१ पासून पुढचे पत्ते वाटतो. म्हणून नोडना ११, १२, १३ असे पक्के पत्ते द्या आणि ५० हा पत्ता तरंगता, म्हणजे गरजेप्रमाणे एका नोडवरून दुसऱ्यावर जाणारा, ठेवा.

एक मशीन तयार करून त्याच्या दोन प्रती काढणं सोयीचं असतं, पण बहुतेकांची पहिली ठेच इथेच लागते. प्रत काढताना नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते नव्याने तयार करण्याचा पर्याय निवडावा लागतो. शिवाय ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी ही फाइल तिन्हींत सारखीच राहते, आणि काही मांडण्यांत डीएचसीपी त्या आयडीवरूनच मशीन ओळखतं, म्हणजे मॅक वेगळा असूनही दोघांना एकच पत्ता मिळतो. प्रत काढण्याआधी ती फाइल रिकामी करा, पुसू नका. पुढच्या बूटला नवी आयडी आपोआप तयार होते. एसएसएचच्या होस्ट-किल्ल्याही प्रत्येक नोडवर नव्याने काढा आणि होस्टनेम बदला.

दुसरी ठेच डेबियनची खास. इन्स्टॉल करताना होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहिलं जातं. क्लस्टरचं सॉफ्टवेअर स्वतःचा पत्ता शोधायला गेलं की त्याला हा आतल्या आत फिरणारा पत्ता मिळतो आणि नोड स्वतःशीच बोलत बसतो. बाकीचे दोघे दिसतच नाहीत. पिंग चालू, एसएसएच चालू, क्लस्टर मात्र जुळत नाही, असं दिसलं की आधी ही ओळ बघा. ती काढून तिन्ही नोडची नावं खऱ्या पत्त्यांसह तिन्ही मशीनांवर लिहा.

स्नॅपशॉट घेताना तिन्ही मशीनं बंद करून एकाच वेळी घ्या आणि मागे जाताना तिन्ही एकदम मागे न्या. एकाच नोडला कालच्या स्थितीत नेलं तर त्याने आधी ज्या गोष्टीला होकार दिला होता ती तो विसरलेला असतो. अशा विस्मरणासाठी ही सॉफ्टवेअर लिहिलेलीच नाहीत.

तरंगता पत्ता

पहिला प्रयोग दोनच नोडवर, पत्ता हलवणारं कीपअलाइव्हडी आणि वेबपेज देणारं एनजिनएक्स घेऊन. दोन्हींवर वेबपेज ठेवा, पानावर त्या त्या नोडचं नाव लिहा. कीपअलाइव्हडीत दोघांचा व्हर्च्युअल राउटर आयडी एकच ठेवा, प्राधान्य एकाचं १०० आणि दुसऱ्याचं ९०, घोषणा, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हा निरोप, दर १ सेकंदाला. ५० हा पत्ता आता १०० वाल्याकडे जाईल. त्याची वायर ओढली (व्हर्च्युअल मशीन असेल तर ते एकदम बंद केलं) तर पत्ता दुसऱ्याकडे किती वेळात जाईल? हे आधी गणिताने काढा. राखीव नोड तीन घोषणांची वाट बघतो, म्हणजे ३ सेकंद, आणि त्यात २५६ मधून स्वतःचं प्राधान्य वजा करून २५६ ने भागलेली संख्या मिळवतो. प्राधान्य ९० असेल तर ती साधारण ०.६५ येते. एकूण ३.६५ सेकंद. दुसऱ्या खिडकीत दर सेकंदाला पान मागणारी छोटी लूप चालवून मोजा, तीन-चार हाका बुडाल्या की नाव बदललेलं दिसेल.

यानंतर वायर परत जोडा आणि १०० वाल्यावरचं फक्त एनजिनएक्स बंद करा. पत्ता हलत नाही! कारण कीपअलाइव्हडी मशीन जिवंत आहे का एवढंच बघतं, त्यावरची सेवा बघत नाही. सेवा तपासणारी छोटी स्क्रिप्ट व्हीआरआरपी स्क्रिप्ट म्हणून जोडावी लागते, आणि ती नापास झाली की प्राधान्य किमान ११ ने खाली यायला हवं, नाहीतर १०० चं ९५ होऊन तोच जिंकत राहतो.

दोन्ही नोड एकाच वेळी मालक झाले तर फायरवॉल तपासा. कीपअलाइव्हडी ज्याने बोलतं तो व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही. त्याचा स्वतःचा क्रमांक ११२ आहे आणि घोषणा २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. पोर्ट उघडून काही होत नाही, प्रोटोकॉलच उघडावा लागतो. घरच्या वायफाय राउटरवर मल्टिकास्ट नीट पोचत नसेल तर एकमेकांचे पत्ते थेट लिहून युनिकास्ट करा.

कोरम

आता तीन नोडवर कोरोसिंक आणि पेसमेकर. कोरोसिंक नोडना एकमेकांशी बोलतं ठेवतं, पेसमेकर सेवा कुठे चालवायची ते ठरवतो आणि पीसीएस ही दोघांना हाताळायची कमांड. डेबियनवर पेसमेकर, कोरोसिंक आणि पीसीएस ही पॅकेजं टाकली की प्रत्येक मशीनवर एकट्याचा क्लस्टर आपोआप सुरू होतो, आणि सेटअपची कमांड ‘हा नोड आधीच क्लस्टरमध्ये आहे’ म्हणून अडते. तिन्हींवर आधी ‘पीसीएस क्लस्टर डिस्ट्रॉय’ चालवा. एचएक्लस्टर या वापरकर्त्याला तिन्हीकडे एकच पासवर्ड द्या, मग एका नोडवरून होस्ट ऑथ, सेटअप आणि स्टार्ट या क्रमाने जा. टीसीपी २२२४ आणि यूडीपी ५४०५ ही दारं उघडी हवीत.

कोरम हा शब्द आपल्याला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेमुळे माहीत असतो. इथेही अर्थ तोच. एकूण मतांच्या अर्ध्याहून जास्त हजर असतील तरच निर्णय घ्यायचा. तीन नोडला दोन मतं लागतात, चारला तीन, पाचला तीन. म्हणजे तीन नोडमध्ये एक मेलेला चालतो आणि चारमध्येही एकच. चौथ्या मशीनचे पैसे इथे वाया जातात.

दोन नोडमध्ये खरी अडचण येते. मधली केबल तुटली की दोघेही जिवंत असतात आणि दोघांनाही वाटतं की दुसरा गेला. दोघांनी काम चालू ठेवलं तर एकाच डेटाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या तयार होतात, आणि त्या नंतर जोडता येत नाहीत. दोघांनी थांबायचं ठरवलं तर मग क्लस्टर कशाला? तिसरं मत हवं ते याच्यासाठी. ते देणाऱ्याने काम करायची गरज नसते. दोघांपैकी कोण दिसतंय एवढं त्याने सांगायचं. कोरोसिंकमध्ये याला क्यूडिव्हाइस म्हणतात आणि मत देणाऱ्या मशीनवर क्यूनेटडी नावाची छोटी सेवा चालते, टीसीपी ५४०३ वर. तिला जुना रास्पबेरी पाय पुरतो. त्याहून चांगला जुना लॅपटॉप, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते आणि वीज गेली तरी मत हजर राहतं. झाकण लावल्यावर तो झोपू नये म्हणून लॉगइनडीच्या फाइलमध्ये लिड स्विचपुढे इग्नोर लिहा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती काढूनच वापरा.

सोसायटीत कोरम झाला नाही की सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांत उरकतात. क्लस्टरमध्येही अशी सोय आहे. व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ म्हटलं की एकटा नोड स्वतःलाच बहुमत मानतो. ही कमांड इंटरनेटवर औषधासारखी सुचवली जाते. बाकीचे नोड खरोखर बंद आहेत हे डोळ्यांनी, शक्यतो वायर हातात धरून, पाहिल्याशिवाय ती चालवू नका. ते चालू असतील आणि फक्त केबल सुटलेली असेल, तर ज्या अपघातापासून वाचायला कोरम आणला तोच अपघात तुम्ही हाताने घडवता.

वायर ओढल्यावर घाई करू नका. कोरोसिंकच्या डेबियन १२ मधल्या आवृत्तीत टोकनची, म्हणजे नोडमध्ये फिरणाऱ्या निरोपाची, मुदत ३ सेकंद आहे आणि दोनपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक नोडमागे ०.६५ सेकंद वाढतात. तीन नोडला ३.६५ झाले. त्यानंतर उरलेल्यांचं एकमत व्हायला त्याच्या १.२ पट वेळ धरलेला असतो. म्हणजे आठेक सेकंद शांतता ही बिघाडाची खूण नाही.

फेन्सिंग टाळू नका

पेसमेकरवर पहिला रिसोर्स, म्हणजे सांभाळायची सेवा, तयार केला की तो सुरूच होत नाही, आणि लॉगमध्ये स्टोनिथ (पेसमेकरमधलं फेन्सिंगचं नाव) नसल्याची तक्रार दिसते. जवळजवळ प्रत्येक शिकवणीत यावर एकच उपाय असतो : स्टोनिथ एनेबल्ड फॉल्स. पहिल्या संध्याकाळी ठीक आहे. पण डेटा असलेली कुठलीही गोष्ट जोडण्याआधी ते परत चालू करा. ज्या नोडशी बोलणं तुटलं तो मेलाय की गोठलाय हे बाहेरून कळत नाही. गोठलेला नोड वीस सेकंदांनी जागा होऊन अर्धवट लिहिणं पुढे चालू करू शकतो. म्हणून त्याची जागा घेण्याआधी त्याची वीज तोडायची, आणि तुटल्याची पावती मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. फेन्सिंग म्हणजे एवढंच.

केव्हीएमवर फेन्स व्हर्श हा एजंट यजमान मशीनवर एसएसएचने जाऊन व्हर्च्युअल मशीन बंद करतो. दुसरा मार्ग वॉचडॉगचा. केव्हीएममध्ये आय६३००ईएसबी नावाचं वॉचडॉग कार्ड जोडता येतं. एसबीडी ही सेवा त्याला सतत हात लावत राहते, आणि नोडचा कोरम गेला की हात लावणं थांबवते. ठरलेल्या सेकंदांत हात लागला नाही की कार्ड मशीन रीसेट करतं. तीन मतं असतील तर यासाठी सामायिक डिस्कही लागत नाही. इंटेलच्या बऱ्याच खऱ्या मशीनांत असा वॉचडॉग चिपसेटमध्येच असतो, त्यामुळे हे फेन्सिंग फुकट पडतं. सॉफ्टडॉग हा नुसता सॉफ्टवेअरचा वॉचडॉग आहे. कर्नलच गोठला तर तोही गोठतो. शिकायला वापरा, विसंबू नका.

कांद्याची नोंद

डेटाबेसशिवाय क्लस्टरची किंमत कळत नाही. मारियाडीबी हा डेटाबेस आणि त्याच्या प्रती सगळ्या नोडवर सारख्या ठेवणारं गॅलेरा तीन नोडवर उभे करा. टीसीपीवर ३३०६, ४५६७, ४५६८ आणि ४४४४ ही दारं उघडा. एक टेबल करा, लासलगावच्या लिलावातल्या पावतीसारखं : अनुक्रम, गाडी, क्विंटल, भाव, वेळ. प्रायमरी की असलीच पाहिजे आणि टेबल इनोडीबी या साठवणीच्या प्रकारातलंच हवं. मग दर सेकंदाला एक नोंद टाकणारी स्क्रिप्ट लिहा, जी ‘नोंद झाली’ असं उत्तर मिळाल्यावरच तो अनुक्रम स्वतःच्या फाइलमध्ये लिहील. समोर विनंत्या चालू नोडकडे वळवणारं एचएप्रॉक्सी ठेवा आणि त्याला तरंगता पत्ता द्या.

आता एक नोड पाडा. दोन मिनिटांनी फाइल आणि टेबल ताडून बघा. फाइलमध्ये असलेली एकही नोंद टेबलात कमी असता कामा नये. इथे एका गोष्टीने बरेच जण फसतात. अनुक्रमासाठी ऑटो इन्क्रिमेंट ठेवलं तर आकडे १, ४, ७, १० असे उड्या मारत येतात आणि मधल्या नोंदी हरवल्या असं वाटतं. हरवलेलं काही नसतं. तीन नोडनी एकच आकडा वापरू नये म्हणून गॅलेरा मुद्दाम तीन-तीनची उडी घेतं. म्हणून तपासणीचा अनुक्रम स्क्रिप्टनेच मोजावा.

खरी परीक्षा तिन्ही नोड एकदम पाडण्याची. आपल्याकडे पावसाळ्यात पहिल्याच वादळाला फीडर जातो, त्यामुळे हा प्रसंग पुस्तकी नाही. वीज आल्यावर मारियाडीबी तिन्हीकडे सुरू व्हायला नकार देतो, कारण शेवटचा कोण होता हे कुणालाच माहीत नसतं. डेटा फोल्डरमधल्या ग्रास्टेट फाइलमध्ये सीक्वेन्स क्रमांकाच्या जागी उणे १ दिसतो, म्हणजे नीट बंद व्हायला वेळच मिळाला नाही. अशा वेळी तिन्ही नोडवर डब्ल्यूएसरेप रिकव्हर हा पर्याय देऊन सर्व्हर चालवा. तो इनोडीबीच्या पोटातून खरा क्रमांक काढून लॉगमध्ये लिहितो. तिन्ही आकडे वहीत उतरवा. ज्याचा सगळ्यांत मोठा, त्याच्याच फाइलमध्ये सेफ टू बूटस्ट्रॅपपुढे १ लिहा आणि त्या एकट्यावर ‘गॅलेरा न्यू क्लस्टर’ चालवा. बाकीच्या दोघांवर मारियाडीबी नेहमीसारखं सुरू करा. घाईत लहान आकड्याच्या नोडपासून सुरुवात केली तर मोठ्या आकड्याच्या नोडवर जास्तीच्या असलेल्या पावत्या गेल्या म्हणून समजा. हा प्रयोग किमान पाच वेळा करा, कारण खऱ्या प्रसंगी मागे माणसं उभी असतात आणि फोन वाजत असतो.

खरी मशीनं घेताना

इतकं झाल्यावर खऱ्या मशीनांवर पैसे घालायला हरकत नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले मिनी पीसी उत्तम : एचपी एलिटडेस्क ८०० जी२ मिनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी. आय५-६५००टी हा ४ कोरचा, ३५ वॅटचा प्रोसेसर यात बऱ्याचदा मिळतो आणि शिकायला भरपूर होतो. दोन मिनी पीसी, एक जुना लॅपटॉप मतासाठी, एक पाच पोर्टचा गिगाबिट स्विच आणि कॅट५ई केबली. सुरुवातीला एवढंच.

एम. जी. रोड-कॅनडा कॉर्नर भागातल्या दुकानांत आधी चौकशी करा. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचं तर पंचवटी एक्सप्रेसने दादर आणि तिथून लोकलने ग्रँट रोड. रविवार टाळा. जाताना डेबियन लाइव्ह आणि मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि दुकानातच मशीन त्यावरून चालू करायला सांगा. बायोसला पासवर्ड असेल तर मशीन घेऊ नका. स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कचे चालू तास आणि बदललेले सेक्टर बघा. इथटूल या कमांडने नेटवर्कचा वेग १००० दिसतोय याची खात्री करा. रॅम उघडून बघा, कारण सहाव्या पिढीच्या काही मॉडेलांत डीडीआर३एल असते तर काहींत डीडीआर४, आणि एकीची दुसरीच्या खाचेत बसत नाही. अॅडॉप्टर त्याच कंपनीचा मागा. पिना वेगळ्या असतात आणि भलत्या अॅडॉप्टरवर काही मशीनं प्रोसेसरचा वेग पाडून चालतात. क्यू मालिकेतला चिपसेट आणि इंटेलची व्हीप्रो सोय असेल तर दोन पैसे जास्त द्या. त्यातल्या एएमटीमुळे मशीन बंद असतानाही नेटवर्कवरून वीज चालू-बंद करता येते, म्हणजे फेन्सिंगचं वेगळं यंत्र लागत नाही.

घरी आणल्यावर सगळ्यांत आधी सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदला. जुना सेल मेला असेल तर प्रत्येक लोडशेडिंगनंतर घड्याळ काही वर्षं मागे जातं, प्रमाणपत्रं अमान्य ठरतात आणि ‘वीज आल्यावर आपोआप चालू हो’ ही बायोसमधली सेटिंगही पुसली जाते. घड्याळ जुळवणारं क्रोनी तिन्हींवर चालू ठेवा. इंटेल आय२१९ नेटवर्क कार्डावर जास्त डेटा वाहताना लॉगमध्ये हार्डवेअर युनिट हँग असं दिसलं आणि नोड अधूनमधून गायब होऊ लागला, तर इथटूलने टीएसओ आणि जीएसओ या कार्डाच्या दोन सोयी बंद करून बघा. बऱ्याच वेळा तेवढ्याने थांबतं.

रास्पबेरी पायचाच क्लस्टर करावा का? पाय, त्याचा अॅडॉप्टर, केस आणि एसएसडी यांची बेरीज करून मगच ठरवा. एसडी कार्डावर मात्र डेटाबेस किंवा ईटीसीडी (क्लस्टरची माहिती साठवणारी सेवा) ठेवू नका. ईटीसीडी प्रत्येक बदल डिस्कवर पक्का झाल्याशिवाय पुढे जात नाही, आणि तो पक्का व्हायला बहुतांश वेळा १० मिलिसेकंदांच्या आत उरकायला हवा. कार्डाला ते झेपत नाही, आणि सततच्या लिहिण्याने ते लवकर मरतं.

सेफ या अनेक मशीनांत डेटा पसरवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. त्याची प्रत्येक ओएसडी, म्हणजे डिस्क सांभाळणारी सेवा, मुळात ४ जीबी रॅम धरून चालते आणि तिला १ गिगाबिटचं नेटवर्क अपुरं पडतं. दोन नोडवर एका डिस्कची प्रत दुसरीवर ठेवणारं डीआरबीडी लावा, शिकायला जास्त मिळेल. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिससाठी त्याची हलकी आवृत्ती के३एस घ्या आणि एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा : नोड पाडल्यावर त्यावरचे पॉड (कंटेनरचे गट) दुसरीकडे जायला मुळात पाच मिनिटांहून जास्त लागतात. नोड गेला हे ठरायला पाऊण मिनिटाच्या आसपास, आणि त्यानंतर ३०० सेकंदांची सवलत. दोन मिनिटांत काही हललं नाही म्हणून सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करू नका.

वीज

मिनी पीसी काम नसताना १० ते १५ वॅट खातो. तीन मशीनांचे ४५ आणि स्विचचे ५ धरले तर ५० वॅट. चोवीस तास, तीस दिवस चालू ठेवलं तर ३६ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटनंतरचा प्रत्येक युनिट बराच महाग पडतो. घरचं बिल ८० युनिटचं असेल तर हे ३६ युनिट तुम्हाला त्या रेषेपलीकडे नेतात. अभ्यास झाला की क्लस्टर बंद करा. नीट बंद करणं आणि चालू करणं हाही सरावाचाच भाग आहे.

घरच्या इन्व्हर्टरवर जोडायचं असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणारा वेळ जास्त असतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा पुरतो, पण यूएसबी पोर्ट असलेला बघा, म्हणजे नट हे सॉफ्टवेअर बॅटरी संपत आल्याचं ओळखून मशीनं नीट बंद करू शकेल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की मशीनं बंद कपाटात ठेवू नका, एकावर एक तर मुळीच नको. प्रत्येकीत तीन-चार बोटांचं अंतर ठेवा.

आणि स्विच. यूपीएसवर मशीनं जोडायची आणि नेटवर्क स्विच साध्या प्लगवर, ही चूक फार होते, कारण स्विचचा अॅडॉप्टर लहानसा असतो आणि तो कुठेही बसतो. वीज क्षणभर जाते, मशीनं चालू राहतात, स्विच मात्र बंद पडून पुन्हा चालू होतो. तो पूर्ण जागा होईपर्यंत तिन्ही नोडना एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक जण एकटा, कुणाकडेच कोरम नाही, आणि वॉचडॉग लावलेला असेल तर तिन्ही मशीनं स्वतःला एकदम रीसेट करतात. बॅटरी भरलेली असताना सगळा क्लस्टर बसतो. यूपीएसचा शेवटचा सॉकेट स्विचसाठी राखून ठेवा, त्यावर पट्टी चिकटवून तसं लिहा, आणि मग यूपीएसची भिंतीतली पिन काढून तपासा. तपासण्याआधी वहीत लिहायचं : कुठले दिवे विझतील, किती सेकंद, आणि कांद्याच्या किती पावत्या बुडतील.